टँटी युलालीने दारात उभी केलेली मुलगी

त्रिनिदादच्या त्या विद्यापीठात टँटी, म्हणजे मावशी, युलालीकडे आठवडाभर कॅन्टीन आणि रविवारी चर्च. कॅन्टीनचा ठेका तिला रीतसर मिळालेला, चर्चचा तिने आपणहून घेतलेला. नवरा गेल्यापासून घरी ऐकायला फक्त भिंती, म्हणून सगळं बोलणं ती इथे आणून ओतायची. जमैकाचा ओनील असो की बार्बेडोसचे पाद्री ग्रीनिज, ज्याची ती नक्कल करायची तोच सगळ्यांत जास्त हसायचा.

चर्चमध्ये नुसतं बसलेलं तिला खपायचं नाही. "बूड टेकून बसायला माझ्या कोंबड्या आहेत," म्हणायची. "तू काय करणार ते सांग."

हैतीची ओदलीन म्हणूनच तिच्या डोळ्यांत सलायची. शेतकी शिकणारी ही मुलगी मागच्या बाकावर अंग चोरून बसे. त्रिनिदादमध्ये खोलीत शिरताना अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं 'गुड मॉर्निंग' म्हणायचं असतं. ही ते ओठांतल्या ओठांत म्हणायची.

"शिष्ट आहे मेली," बायका कुजबुजल्या.

"शिष्ट नाही, बुजरी आहे," टँटी म्हणाली. "त्यावर औषध आहे माझ्याकडे."

औषध म्हणजे पुढच्या रविवारी तिला स्वागताला दारात उभं करणं! ओदलीन हात पुढे करून उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. गाणी म्हणणारा ओनील आत येता येता ओरडला, "टँटी, हिचा आवाज कस्टमवाल्यांनी अडवून ठेवलाय वाटतं!"

सगळे हसले. टँटीही हसली.

त्यानंतर ओदलीन यायचीच बंद झाली.

टँटीचं कशात लक्ष लागेना. कॅन्टीनमध्ये मीठ दोनदा पडू लागलं. शेवटी पेलावचा, म्हणजे तिथल्या पुलावाचा, गरम डबा घेऊन ती वसतिगृहात गेली.

"आत घेतेस की दारातच उभी करतेस मला? केलंस तरी बरोबर आहे तुझं."

ओदलीनने तिला आत घेतलं.

"मी हसायला नको होतं गं," टँटी म्हणाली.

"हसण्याचं काही नाही वाटलं, टँटी. तुमच्याकडे एकजण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. मग माझा आवाज घशातच बसतो. आमच्या गावात सगळे एकदम, मोठ्याने प्रार्थना करतात. ज्याची त्याची. देव सोडला तर कुणी कुणाचं ऐकत नाही."

"आणि त्यात तू ओरडायचीस?"

"छे! मी आणि आजी फिरायचो. कुणी रडायला लागलं की मागे जाऊन पाठीवर हात ठेवायचा. बोलायचं काही नाही. ते काम आमच्याकडे होतं."

"मग ते इथे कर की."

"इथे कुणी रडतच नाही, टँटी. सगळे छान बोलतात."

टँटी उठली ती थेट पाद्रीबाबांकडे.

"सगळे एकदम? मासळीबाजार होईल, युलाली!"

"एक रविवार होऊ द्या हो. देव काय बाजारात कधी गेला नसेल?"

त्या रविवारी ओदलीन आली आणि मागेच बसली. पाद्रीबाबांनी सांगितलं, आज आपापल्या भाषेत, मोठ्याने, सगळ्यांनी. आणि गंमत अशी की एरवी माइक न सोडणारे सगळे चिडीचूप! मग गयानाच्या एका मुलीने सुरुवात केली, कुणी स्पॅनिशमध्ये धरलं, आणि बघता बघता चर्च घुमायला लागलं. टँटीने मुद्दाम मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर पोरगी जागीच थिजली असती.

पण तिरप्या नजरेला ओनील दिसला. गुडघ्यांवर बसून तोंड ओंजळीत लपवलेला, खांदे गदगदा हलताहेत. काय झालं होतं त्याला, कुणाला माहीत! आणि त्याच्या मागे ओदलीन येऊन उभी राहिलेली, पाठीवर हात ठेवून. तो जास्तच रडला. तिने हात काढला नाही.

नंतर चहाच्या वेळी ओनील लाल डोळ्यांनी टँटीजवळ आला. "टँटी, ती पुढच्या रविवारी येईल का?"

"मला काय विचारतोस? ती बघ तिथे कप विसळतेय. आणि हळू विचार, गाढवा."

त्याने इतकं हळू विचारलं की टँटीने लाजलज्जा सोडून कान टवकारले, तरी तिला काही ऐकू आलं नाही. फक्त ओदलीनची मान हललेली दिसली, आणि मग तिने कप पुसायला एक फडकं ओनीलच्या हातात दिलं.