समोरच्या काकूंचं हळदीकुंकू

‘जोडीदाराला सांगा’ असं लोकांना सांगण्याचा मी पगार घेतो. पुरुषांवर जीव जडणाऱ्या पुरुषांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, काम करणाऱ्या अमरावतीच्या एका संस्थेत मी बारा वर्षं फिल्डवर्कर आहे. कंडोम वाटायचे, एचआयव्हीच्या तपासणीला माणसं न्यायची, आणि एखाद्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की समोर बसून म्हणायचं, दादा, ज्याच्याशी संबंध आला त्याला कळू दे. हे मी इतक्या शांतपणे म्हणतो, की नव्या लोकांना माझं उदाहरण देतात. देऊ देत बापडे.

माझा स्वतःचा जोडीदार अकोल्याचा. जठारपेठेत खाली त्याचं इन्व्हर्टरचं दुकान, वर तो आणि त्याची आई. कोरोनात कितीतरी महिने आम्ही फक्त फोनवर होतो. जगाला तेव्हा अंतर ठेवायला शिकवत होते, आम्हाला ते आधीपासूनच येत होतं, त्याचं मला हसू यायचं. संक्रांत झाली, एसटी पुन्हा भरून धावायला लागली, त्याची आई चांदूर रेल्वेला लेकीकडे गेली आणि त्याचा फोन आला. “ये ना बे. आता काय मरेपर्यंत फोनवरच बोलून राहायचं काय?”

गेलो. त्यानं दारातच हातावर सॅनिटायझर ओतलं, आंघोळीला पाठवलं, माझे कपडे गरम पाण्यात टाकले. मी कंडोमचं पाकीट उशाशी ठेवलं. दोघंही मोठे काळजीवाले! आणि मग सवयीनं त्यानं खिडक्या लावून घेतल्या, कारण समोरच्या काकूंच्या गच्चीतून त्याची खोली दिसते. आमचा हात आधी खिडकीकडे जातो, मग एकमेकांकडे. डॉक्टर टीव्हीवर घसा फोडून सांगत होते, हवा खेळती ठेवा. आम्ही दोन दिवस त्या कोंदट खोलीत, मास्क खुंटीला टांगून, जुन्या रोगापासून एकमेकांना जपत बसलो. रोगाचंच काम करणाऱ्या माणसाची ही अक्कल. पण मी सुखात होतो. ते दोन दिवस आजही परत हवेसे वाटतात, आणि त्याची चीड येते.

अमरावतीत परतलो आणि चौथ्या दिवशी ताप आला. टेस्ट पॉझिटिव्ह. महापालिकेतून एका बाईंचा फोन आला, इतक्यात जवळून कोणाकोणाला भेटलात? मी किराणावाला सांगितला, बहीण सांगितली, ऑफिसातले दोघं सांगितले. “बाहेरगावी गेलते काय?” मी नाही म्हणालो. काही कठीण गेलं नाही.

लगेच त्याला फोन लावला. टेस्ट कर म्हणालो, आईला येऊ देऊ नको म्हणालो. त्यानं पहिलं विचारलं, “माह्यं नाव तं नाही ना सांगतलं?”

“नाही.”

“मंग झालं.” त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. “टेस्ट केली तं विचारतीन ना, कोणापासून झालं. काय सांगू मी? थोडी कणकण आहे, गोळी घेतली.”

त्याची आई परत आलीच. रथसप्तमीला समोरच्या काकूंकडे हळदीकुंकू असायचं, त्याचे वडील गेल्यावरही काकू तिला बोलवायच्या आणि ते तिनं कधी चुकवलं नव्हतं. मला ती मुलाचा मित्र म्हणून ओळखायची, जेवल्याशिवाय सोडायची नाही. तिचा नंबर माझ्याकडे होता. मावशी, येऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली असती, काहून बापा? त्या काहूनचं उत्तर देण्याची माझी छाती झाली नाही. मी फोन उशीखाली सारला.

हळदीकुंकवानंतर तिला ताप भरला आणि सरकारी दवाखान्यात नवव्या दिवशी ती वारली.

कोरोना हळदीकुंकवातून आला, असं गल्लीनं ठरवून टाकलं. काकूंना साधी शिंकही आली नव्हती, तरी बायका त्यांच्या फाटकासमोरून पदर नाकाला लावून जाऊ लागल्या. त्यानं स्वतः काकूंवर कधी आळ घेतला नाही. कोणी विषय काढला की तो मान खाली घालायचा आणि लोक त्याला दुःख समजायचे. आता खरंच तिथून आलाही असेल, कोणी सांगावं? त्या फेब्रुवारीत आमच्याकडे घरोघरी माणसं आजारी पडत होती. पण ही पळवाट मी कामावर दुसऱ्या कोणाला काढू देत नाही.

परवा रथसप्तमी झाली आणि त्याचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, “समोरच्या काकूनं यंदाही हळदीकुंकू नाही ठेवलं.”

“काहून?”

“कोण जाईन तिच्या घरी?” मग म्हणाला, “तू कधी तोंड उघडलं नाही, हे मी विसरणार नाही.” आणि मग, कधी येतोस?

मी गेलो. काकू फाटकाशी उभ्या होत्या, बऱ्याच वाळल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. “मित्राकडे आले काय?” म्हणाल्या. “त्याची माय माह्याच घरून गेली हो. मी बलावलं नसतं तं असती आज.”

वर त्यानं खिडकी लावल्याचा आवाज आला. मी म्हणालो, “असं मनात आणू नका, काकू,” आणि जिना चढलो.