उन्हात धरलेला डिंक

अक्काच्या हातात काहीही द्या, ती ते आधी उन्हात धरायची. डिंकाचा खडा असो, एस.टी.चं तिकीट असो, नाहीतर नातवाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी. हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा, मान जराशी वाकडी करायची आणि म्हणायचं, "पहिले ऊन दखाडानं, मंग बोलानं." आधी ऊन दाखवायचं, मग बोलायचं. अक्षरओळख शून्य, पण चिठ्ठी परत देताना चेहरा असा, की हिनं हेडमास्तरांच्या दोन चुकाही काढल्या असाव्यात.

नव्वद सालाच्या आगेमागे मी धुळ्याला, देवपुरातल्या एका लहानशा संस्थेत नोकरीला होतो. परदेशातल्या एका संस्थेच्या मदतीनं सातपुड्यातल्या बायकांनी गोळा केलेला डिंक थेट तिकडच्या लोकांना विकायचा, असा आमचा बेत होता. मला डिंकातलं काय कळत होतं? डिंक म्हणजे बाळंतिणीचे लाडू, एवढंच माझं ज्ञान. माझं काम कागदांचं. तिकडून आलेले कागद मराठीत आणायचे आणि इकडच्या बायका जे बोलतील ते तिकडच्या भाषेत टाईप करायचं.

अक्काचं गाव शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी होतं. एस.टी. दिवसातून दोनदा. पहिल्या भेटीत मी मोठ्या ऐटीत संस्थेचं पत्र तिच्या पुढे केलं. तिनं ते उन्हात धरलं, खूप वेळ पाहिलं आणि जमलेल्या बायकांना म्हणाली, "आरपार दिखत नही. काहीतरी दपाडेल शे." यात काहीतरी दडवलंय! बायका पोट धरधरून हसल्या. अहो, दडवलेलं काही नव्हतं, कागद जाड होता इतकंच. पण त्या दिवसापासून मी त्या गावात कागदभाऊ झालो. माझं खरं नाव तिथं कुणी विचारलंही नाही.

सकाळी अक्का ओट्यावर बसायची. पुढ्यात सूप. बायका रानातून आणलेला डिंक तिच्यापुढे ओतायच्या आणि ती एकेक खडा उन्हात धरून वेगळा करायची. धावड्याच्या झाडाचा डिंक एकीकडे, कांडोळाच्या झाडाचा दुसरीकडे, आणि साल, माती, काडी चिकटलेला मागे. गावातला व्यापारी वर्षानुवर्षं सगळा डिंक एकाच पोत्यात भरायचा आणि सगळ्याला मेला हलकाच म्हणायचा. परदेशातल्या लोकांना हवा होता नुसता धावड्याचा. तो नीट निवडून देता आला, तरच त्या बायकांची व्यापाऱ्याच्या पोत्यातून सुटका होणार होती. आणि निवडायचं म्हटलं की अक्का. तिनं खडा मागे टाकला की टाकला. तिच्यापुढे हूं की चूं करायची कुणाची टाप नव्हती.

माणसांनाही ती असंच बघायची. भाचीला सांगून आलेल्या एका मुलाला तिनं अंगणात उन्हात उभं केलं आणि आपण सावलीत बसून त्याच्या आईशी अर्धा तास गप्पा मारल्या. मुलगा घामानं निथळला, पण जागचा हलला नाही. "टिकी," म्हणाली, "पोऱ्या टिकी." पोरगा टिकेल. लग्न झालं. जावई अजूनही त्या अंगणातून जाताना पाऊल जरा भरभर उचलतो, असं म्हणतात.

मग एकदा परदेशातल्या संस्थेची बाई पाहणीला आली. उंचीमुळे गावानं तिचं नाव लगेच लांबी बाई ठेवून टाकलं. तिच्याजवळ प्रश्नांची यादी होती आणि मधे दुभाषा मी. मालाची प्रत तुम्ही कशी राखता, असं तिनं विचारलं. अक्का म्हणाली, "मना डोया शे ना!" माझा डोळा आहे की! मी टाईप केलं, 'गावात दृश्य तपासणीची अनुभवसिद्ध व्यवस्था अस्तित्वात आहे.' पोटासाठी माणूस काय काय लिहितो.

अक्काचं लक्ष मात्र त्या बाईच्या काळ्या गॉगलवर. तिनं तो सरळ तिच्या नाकावरून काढला आणि स्वतःच्या डोळ्यांपुढे धरून सूर्याकडे पाहिलं. "यामाईन त् बठ्ठं सारखंच दिखस!" यातून तर सगळं सारखंच दिसतं! पुन्हा हशा. लांबी बाईसुद्धा हसली. आम्ही सगळे हसलो, आणि अक्का मात्र तो गॉगल डोळ्यांपुढून काढून पुन्हा धरून पाहत होती. ते माझ्या लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही.

जाताना बाईनं नमुना मागितला. पाच किलो, नुसत्या धावड्याचा. तिकडे तपासतील आणि पास झाला तर खरेदी सुरू. मी आठवड्यानं नमुना न्यायला गेलो तेव्हा अक्का निवडून बसलेली. "बस, खाई ले, मंग बांध," म्हणाली. आधी जेव, मग बांध. मी म्हटलं, "अक्का, बाराची एस.टी. आहे." पुन्हा म्हणाली, "ठेचा करेल शे. खाई ले, मंग बांध." माझा एक डोळा घड्याळावर. तिसऱ्यांदा तिनं माझा हातच धरला. मी तो सोडवला, तिच्या पुढ्यातला ढीग तिच्या देखत पिशवीत भरला, लाखेची मोहोर लावली आणि पळत सुटलो. मागे बायका दारात उभ्या होत्या, एकीचा हात तोंडावर. मला वाटलं, कौतुकानं.

उत्तर यायला दोन महिने लागले. आलं ते असं: नमुन्यातले काही खडे पाण्यात विरघळले नाहीत, नुसते फुगले. धावड्याच्या डिंकात दुसरा डिंक मिसळलेला आहे. आणखी एक नमुना पाठवावा. तोही असाच निघाला तर या गावाचा विचार करता येणार नाही.

माझं डोकं फिरलं. गावात जाऊन मी बायकांना एकत्र बसवलं आणि वाटेल ते बोललो. "कांडोळाचा डिंक कोणी घातला? वजन वाढवायला घातला ना? तुमच्यासाठी आम्ही मर मर मरतो आणि तुम्ही..." कुणी वर बघेना. अक्कानं हात पुढे केला. पत्र घेतलं, उन्हात धरलं, एक डोळा मिटला. फार वेळ पाहिलं आणि परत देत म्हणाली, "खरं शे." बस, एवढंच. उठून घरात गेली.

संध्याकाळी तिची सून मला एस.टी.पर्यंत सोडायला आली. ही सून म्हणजे मुकी चिमणी, तोवर तिच्या तोंडून चार शब्द ऐकले नव्हते. म्हणाली, "भाऊ, अक्काले दिखत नही. दोन वरीस व्हई गयात."

दोन वर्षं! अख्ख्या गावाला माहीत होतं. अक्का निवडायची, ढीग करायची आणि जेवायला आत जायची. तेवढ्या वेळात बायका तो ढीग घरामागे नेऊन पुन्हा निवडायच्या आणि होता तसा ओट्यावर आणून ठेवायच्या. तिला कुणी शब्दानं बोललं नव्हतं. दोन वर्षांत एकच ढीग तसा निवडायचा राहिला, आणि तो कोणता ते मी सांगायला नको. आमच्या कागदभाऊंना बाराची एस.टी. गाठायची होती ना! परतीच्या वाटेवर मला माझीच इतकी लाज वाटली की शिरपूरला उतरून चहासुद्धा घेतला नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. अक्काला काही कळू द्यायचं नाही, एवढं ठरवलं होतं. बायकांनी गुपचूप दुसरा नमुना करावा, मी मुकाट्यानं न्यावा. गेलो तर अक्का ओट्यावर बसलेली. खडा उचलला, सवयीनं उन्हात धरला आणि खाली घेतला. मग नखानं त्याचा कण काढून जिभेवर ठेवला. धावड्याचा डिंक तोंडात विरघळतो. कांडोळाचा फुगतो आणि आंबूस लागतो. ती थांबली, थुंकली आणि खडा मागे टाकला.

"ऊन आते म्हातारं व्हयनं, कागदभाऊ," मला म्हणाली. "त्याना भरोसा नही." ऊन म्हातारं झालं म्हणे! स्वतःवर एक अक्षर घेईल तर शपथ.

पाच किलो डिंक तिनं खडा खडा करून जिभेनं निवडला. आठ दिवस लागले. जीभ सोलवटली, ठेचा बंद झाला, दूध-भाकरीवर आली. बायका म्हणायच्या, "अक्का, ऱ्हाऊ दे," तर ती सूप उचलून मारायला धावायची. मी अहवालात लिहिलं, 'तपासणीची अधिक काटेकोर पद्धत अवलंबण्यात आली आहे.'

नमुना बांधायच्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, मागच्या वेळी चूक माझी होती. मी घाई केली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या आवाजाकडे. "बाया मांगे बशीसन निवडतस, माले काय ऐकू येत नही? सुपडामा खडा वाजस. मी एक भाकर ज्यादा खास, त्यास्ले टाईम भेटाले जोये. तुले तीनदाव सांगं, खाई ले, मंग बांध."

तिला पहिल्यापासून ठाऊक होतं! घरामागे सुपात वाजणारा खडा ऐकत, त्या बायकांचं काम उरकेपर्यंत ती दोन वर्षं रोज एक भाकरी जास्तीची खात होती. त्या तिचा मान राखत होत्या आणि ती त्यांचा. तिला एकच वाक्य म्हणायचं होतं, मला दिसत नाही रे. ते तिला म्हणता आलं नाही, म्हणून तिनं मला जेवायला बस म्हटलं. आणि मी, शिकलेला माणूस, हात सोडवून पळालो. माझे डोळे भरून आले. नशीब, तिला दिसत नव्हतं.

नमुना पास झाला. व्यापारी पोतं झटकत दुसऱ्या गावाला गेला. पुढे माझी नोकरी बदलली, चाळीसगावला आलो, आणि अक्का गेल्याचं मला वर्षभरानं कळलं.

त्यानंतर एकदाच त्या गावी गेलो. घरी न्यायला किलोभर डिंक हवा होता. ओट्यावर सून बसली होती. डोळे चांगले धडधाकट, तरी एक मिटून, मान वाकडी करून खडा उन्हात धरत होती. तिनं माझ्यासाठी ढीग केला. मी पिशवी उघडली आणि सवयीनं घड्याळ पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "खाई ले, मंग बांध."

मी पिशवी खाली ठेवली, हात धुतले आणि पाटावर बसलो. ठेचा झणझणीत होता. घरामागून बायकांच्या सुपात खडा वाजल्याचा आवाज आला. बाराची एस.टी. फाट्यावर हॉर्न देत होती. मी आणखी एक भाकरी मागितली.