कोणाची चप्पल जळतेय?

कोणी रबर जाळलं की तो वास नाकात शिरतो आणि मी थेट अंबरनाथच्या आनंदनगरला, आमच्या कंपनीच्या गेटवर पोचतो. नव्वद सालच्या आसपासची थंडी. फर्स्ट शिफ्टच्या आधी आम्ही शेकोटीभोवती बसलेलो. मला शुगर निघून बरीच वर्षं झालेली. डॉक्टर बोललेला, पाय सांभाळ. मी चहात वरून साखर मागायचो आणि सांगायचो, "आपण गोड माणूस, आपल्याला काय होतंय!" शाळेत गेलो नाय, पण लोकांना हसवायची अक्कल भारी.

तेवढ्यात जळका वास सुटला. मीच ओरडलो, "अरे कोणाची चप्पल जळतेय? घरी बायकोला काय सांगशील?"

सगळे हसले. बाजूचा गणपत, माझा मशीनवरचा जोडीदार, बोलला, "भावा, तुझीच आहे ती! पाय काढ!"

खाली बघतो तर माझा पाय निखाऱ्यावर. चप्पल वितळून अंगठ्याला चिकटलेली. गणपतनं ती ओढली, तर कातडीपण सोबत आली. मला मुंगी चावल्याएवढंपण कळलं नाय. तेव्हा वाटलं, मलम लावू, दोन दिवसांत ड्युटीवर. आज कळतं, तो पाय आधीच गेला होता, डॉक्टरनं नुसता नंतर कापला.

"दुखतंय काय रे?" गणपतनं विचारलं.

मी सवयीनं बोललो, "तुझं तोंड बघून दुखतंय."

कोणीच हसलं नाय. मग मी सगळ्यांच्या नजरा चुकवून त्या जळलेल्या जागी नख दाबलं. परत दाबलं, जोरात. देवा, थोडं तरी दुखू दे.