सूतगिरणीच्या खात्यावरचा शेरा

बँकेच्या ऑडिटरना सगळे पायपीटकाका म्हणत. कर्ज कागदावर कितीही गोंडस दिसो, ते ज्या वस्तूसाठी दिलं ती डोळ्यांनी बघितल्याशिवाय काकांच्या पेनाचं टोपण निघत नसे. एकदा गाईवर कर्ज होतं, तर हे थेट गोठ्यात! गाय निघाली मारकी. पण गाय खरोखरच निघाली ना, म्हणून काका लंगडत, खुशीत परतले.

बरकतीच्या दिवसांत याची सगळ्यांना गंमत वाटे. मग मंदी आली. कारखाने एकेक करून गप्प झाले, आणि बँकेचा नफा मात्र टुणटुणीत!

"सूतगिरणीचा थकलेला हप्ता वर्षअखेरीला चुकता झाला," मॅनेजर म्हणाला. तो काकांचा शाळेपासूनचा दोस्त.

"आणि त्याच सकाळी तू त्यांना यंत्रदुरुस्तीला नवं कर्ज दिलंस. यंत्र बघून येतो."

"अरे, एवढ्या उन्हाचा?"

काका गेलेच. यंत्राच्या पोटात कबुतरांनी संसार थाटलेला, अंड्यांसकट! दुरुस्ती कसली न् काय; नव्या कर्जातूनच जुना हप्ता भरला होता.

परतल्यावर मॅनेजरने चहा पुढे सरकवला. "कर्ज बुडीत लिहिलंस तर नफ्याचा तोटा होईल. संचालक मला घरी बसवतील. आणि तुझी नेमणूक तरी कोणाच्या हातात? त्यांच्याच ना! निम्मं घर या कामावर चालतं तुझं. वहिनींना विचार."

काका भोळे. खरंच घरी जाऊन विचारलं.

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "आपली ठेव कुठंय?"

"त्याच बँकेत."

"शेजारच्या मावशींची?"

"तिथंच."

"मग मला काय विचारताय? मावशींना विचारा जाऊन!"

काकांना मावशींच्या दारापर्यंत जावंही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेरा लिहिला: कर्ज बुडीत, नफा खोटा. मॅनेजरने तो दोनदा वाचला.

"घातलंस ना मला खड्ड्यात, गाढवा!"

"घातलं. माफ कर."

मग मॅनेजरने उठून कपाट उघडलं. "असली आणखी पाच खाती आहेत. एकटा हिंडून मरशील. चल, दाखवतो."

पुढच्या वर्षी काकांना नेमणुकीचं पत्र आलं नाही. दोघा दोस्तांनाही घरी बसवलं. काकूंनी शिकवण्या सुरू केल्या, आणि तिसऱ्याच महिन्यात काकांहून जास्त कमावून दाखवलं!