तिसरं इंजेक्शन मी घेतलं नाही

चाकणच्या कंपनीत सात वर्षं वायरिंगच्या क्लिपा दाबून माझं उजवं कोपर कायमचं दुखायला लागलं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने दोनदा आराम पडला, पण दोन्ही वेळा काही महिन्यांत दुखणं परत आलं. मग डॉक्टर म्हणाले, "सारखी इंजेक्शनं घेतली तर टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, कमजोर होईल. शॉकवेव्ह करून बघा, त्यात मशीनने कोपरावर ठोके देतात, पण फरक पडायला वेळ लागेल."

सुपरवायझर म्हणाला, "ताई, इंजेक्शन घ्या आणि सोमवारी लाइनवर या."

"हात माझा आहे, भाऊ. काय घ्यायचं ते मी ठरवणार," मी म्हणाले, आणि वर मॅनेजरकडे जाऊन तयार माल तपासायच्या टेबलावर बदली मागून घेतली.

शॉकवेव्हच्या ठोक्यांनी दर आठवड्याला डोळ्यांत पाणी यायचं. तीन महिन्यांनी भरलेला कुकर मी उजव्या हाताने उतरवला. सुपरवायझर अजून माझ्याशी धड बोलत नाही. न बोलो.