हो आणि हौ

वेबसाइट तयार करायच्या एका फ्रेमवर्कवर मी आर्णीतल्या घरी बसून काम करते. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या लोकांना मदत करायचं काम आहे. पहिल्यांदा हे फ्रेमवर्क बसवताना माणूस वैतागून पळून जाऊ नये, एवढंच बघायचं. आई गेल्यापासून घरात मी एकटीच. मीटिंगमधली माणसं स्क्रीनवर दिसतात, हसतात, आणि बटण दाबलं की घर पुन्हा गप्प.

बसवायची एकच पद्धत पुरे, असं त्या सगळ्यांचं म्हणणं. मी भांडले. आमच्याकडे नेट कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि कोणाकडे नुसता मोबाइल असतो. शेवटी तीन सोयी ठेवल्या: काहीच न बसवता ब्राउझरमध्ये करून बघा, कॉम्प्युटरवर बसवा, नाहीतर पेनड्राइव्हवरून आणा. बसवताना विचारले जाणारे प्रश्नही मराठीत केले. उत्तर फक्त हो किंवा नाही. मग मराठी प्रश्न निवडून कोणी येतं का, याची मी वेड्यासारखी वाट पाहत बसले.

एक दिवस मदतीच्या पानावर निरोप आला, "भाऊ, मी हौ टाकून राह्यलो, तरी हे मले पुन्हा तेच विचारून राह्यलं. काहून?"

मी एकटीच मोठ्यानं हसले. जन्मभर हौ म्हणणारी मी, मशीनला मात्र शाळेतलं हो शिकवून बसले होते. "भाऊ नाही, ताई. आर्णीची," मी लिहिलं. तो आमच्याच जिल्ह्यातला, राळेगावचा निघाला. घरची शेती आणि मोबाइलचं दुकान. हौ चालेल अशी दुरुस्ती मी लगेच केली. मध्ये मध्ये गप्पाही झाल्या. कितीतरी दिवसांनी कोणी माझ्याशी घरच्या बोलीत बोलत होतं, आणि ते संपूच नये असं वाटत होतं. त्याचं काम मात्र पटकन झालं. "जमलं ताई, एक नंबर," म्हणून तो गेला.

पुढे रोज मी ते पान उघडून बघायची. सोय इतकी चोख झाली होती की कोणाचं काही अडेचना, आणि तिथे कोणी लिहीचना. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. शेवटी लाज सोडून मीच त्याला लिहिलं, "काय म्हणता, कापूस निघाला काय?"

"निघाला नं," त्याचं उत्तर आलं. "ताई, त्या सॉफ्टवेअरचं काही करायचं राह्यलं काय?"

"नाही राह्यलं," मी लिहिलं. "सगळं झालं."