दिलीपभाऊंचा वॉल्ट्झ तीनवर संपतो

नागपुरात जॅझ गिटार शिकते असं सांगितलं, की लोक आधी विचारतात "कुठं?" आणि मग विचारतात "काहून?" कुठं ते सांगता येतं. सदरमध्ये, एका टेलरच्या दुकानावरच्या खोलीत, दर रविवारी सकाळी. काहून ते चार वर्षांत मलाही कळलं नाही! सूर निसटून जातात, बोटांना घट्टे पडतात आणि किस्से तेवढे साचत जातात. कोणी नवीन माणूस आला की सरच म्हणतात, "मॅडम, तुम्ही सांगा. तुम्ही वाजवण्यापेक्षा सांगता चांगलं." घ्या! याला म्हणतात शिष्येचं कौतुक.

सर म्हणजे खोब्रागडे सर. रेल्वेतून रिटायर. ड्यूटी संपली की जुन्या रेकॉर्डी लावून बसायचे, तसं ऐकून ऐकून शिकले. आम्ही विद्यार्थी तीन. मी शाळेत गणित शिकवते, डॉक्टर वैद्य दातांचे डॉक्टर, आणि दिलीपभाऊ कळमना मार्केटात संत्र्याचे अडते.

*

पहिल्याच महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, "सर, सोलो म्हणजे नेमकं काय?"

सरांनी गिटार ठेवली आणि आम्हाला खाली पोह्याच्या ठेल्यावर नेलं. "हे पोहे म्हणजे मूळ गाणं. ही तर्री म्हणजे सोलो. घाला, झणझणीत घाला! पण खाली पोहे आहेत, हे खाणाऱ्याले समजलं पाहिजे."

तोवर दिलीपभाऊंनी तिसऱ्यांदा तर्री मागून घेतली होती. प्लेटमध्ये पोहे औषधालाही दिसत नव्हते. सर त्या प्लेटकडे बघत राहिले.

"दिलीपभाऊचा सोलो आताच ऐकू आला मले," ते म्हणाले.

*

डॉक्टरांची वेगळीच तऱ्हा. त्यांना सोलोची भयंकर भीती वाटते. पण सवय बघा! त्यांची पाळी आली की आमच्याकडे वळून मऊ आवाजात सांगतात, "घाबरू नका हं, जरासं टोचेल."

आणि टोचतं!

*

मी राहते नागपूरच्या जुन्या महाल भागात. गल्ली इतकी अरुंद, की मी तार छेडली की समोरच्या लक्ष्मीकाकूंच्या स्वयंपाकघरात ऐकू जाते. काकू भजनी मंडळात पेटी वाजवतात, म्हणजे कान तयार. जॅझच्या कॉर्डमध्ये एखादा सूर मुद्दाम जास्तीचा असतो, तो त्यांना सहन होईना. रोज खिडकीतून ओरडायच्या, "एक बोट चुकून राहिलं वं तुझं!"

मी समजावून थकले. शेवटी एकदा वैतागून तो सूर काढूनच टाकला आणि साधी सरळ कॉर्ड वाजवली. म्हटलं, घ्या, ऐका आता.

दोन मिनिटांत खिडकी उघडली. "काहून वं? ते चुकीचं बोट कुठं गेलं आज? त्याच्याबिना अळणी लागून राहिलं!"

*

आता दिलीपभाऊ. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा ठेका. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, गाणं संपेपर्यंत थांबायचं नाही. मी गणिताची बाई, मला वाटलं तीनपर्यंत मोजण्यात काय कठीण आहे!

पण भाऊंचं आयुष्य गेलं हर्रास पुकारण्यात. शेतकऱ्याच्या संत्र्याचा ढीग लागतो, व्यापारी बोली वाढवत जातात, आणि भाऊ पुकारतात, "एक... दोन... तीन!" तीन म्हटलं की मांडीवर थाप. माल गेला, विषय संपला. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी बोली नाही.

झालं! गिटार हातात घेतली की भाऊ सुरेख सुरुवात करायचे. एक, दोन, तीन... आणि गिटारवर थाप!

"काहून थांबले गा, भाऊ?"

"काय करू सर, तीन झालं की हात आपोआप पडते!"

मधेच थांबेल त्यानं सगळ्यांसाठी चहा करायचा, असा आमचा नियम. चार वर्षं चहा भाऊच करत आहेत. वॉल्ट्झ नाही जमला, पण चहा असा जमला की टेलरसुद्धा वर यायला लागला.

*

यंदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. सुनंदावहिनींनी, म्हणजे भाऊंच्या घरच्यांनी, अल्टिमेटम दिला. "चार वर्षं झाले, एक गाणं अख्खं ऐकलं नाही मी! दिवाळीच्या साफसफाईच्या आत एक तरी पुरं वाजवून दाखवा. नाहीतर गिटार माळ्यावर!"

भाऊ त्या रविवारी चहासुद्धा धड करेनात. मला हळूच म्हणाले, "मॅडम, दिवसभर मी ओरडत असतो. हे एकच काम असं आहे, जिथं मले ओरडा लागत नाही." ऐकून माझा जीव कळवळला. एवढा आडदांड माणूस, डोळ्यांत पाणी!

सरांनी विचार केला आणि म्हणाले, "तीन म्हणूच नका. वहिनीचं नाव घ्या. सु-नं-दा, सु-नं-दा. बायकोच्या नावावर थाप मारायची कोणाची हिंमत आहे?"

*

दिवाळीआधीच्या रविवारी वहिनी क्लासवर आल्या, पहिल्या खुर्चीवर बसल्या. डॉक्टर तेवढ्यात म्हणालेच, "जरासं टोचेल." भाऊंनी डोळे मिटले आणि सुरू केलं. ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते, पण आवाज हर्राशीचा! खोलीभर ऐकू येत होतं. "सु-नं-दा, सु-नं-दा, सु-नं-दा..."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, या माणसानं "अवं" याच्यापलीकडे बायकोला हाक मारली नव्हती. वहिनी आधी लाल झाल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या, मग रडल्या. भाऊ थांबले नाहीत. सोलोसकट अख्खा वॉल्ट्झ! सरांनी उठून मिठी मारली. चहा त्या दिवशी वहिनींनी केला, आणि खरं सांगते, त्याला भाऊंच्या चहाची सर नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सोमवार. कळमन्यात काटोलकडच्या एका शेतकऱ्याच्या संत्र्याचा ढीग लागला. बोली वाढली, थांबली. व्यापारी तीन ऐकायला उभे. भाऊंनी हात वर केला.

"सु... नं... दा..."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तीन काही येईना! माल सुटला की नाही सुटला? एकानं घाबरून बोली वाढवली.

"सु... नं... दा..."

दुसऱ्यानं आणखी वाढवली. भाऊ तालात डोलत होते. शेजारच्या अडत्यानं खांदा हलवला तेव्हा कुठं त्यांच्या तोंडून तीन निघालं, आणि मग रविवारच्या क्लासची सगळी हकिकतही.

मंगळवारी सकाळी तो शेतकरी संत्र्यांची टोपली घेऊन भाऊंच्या दारात उभा. वहिनींनी दार उघडलं.

"सुनंदाबाई तुम्हीच काय जी? भाऊचा रविवारचा क्लास चुकू देऊ नका. पुढच्या सोमवारी माह्या बागेचा दुसरा तोडा येऊन राहिला!"